घासायची गरज नाही

६ नोव्हेंबर, गुरुवार

नारायणगावहून आरतीचा फोन. मामींचं ऑपरेशन झालं. खुब्यात नवा बॉल बसवला. शुद्धीवर आल्या आल्या चहा मागितला, सिस्टरने दिला नाही, मामी तिच्यावर चिडल्या. म्हणजे प्रकृती उत्तम.

सासूबाई असल्या तरी मी त्यांना पहिल्यापासून मामीच म्हणतो. राजुरीत एकट्या राहतात. मोरीत पाय घसरला आणि सकाळपासून तशाच पडून होत्या. संध्याकाळी शेजारीण दूध द्यायला आली म्हणून कळलं. आता एकटं ठेवायचं नाही असं आरतीने ठरवलंय. तिथे घराला लागून ऊस, उसात बिबट्या, हाक मारली तरी कोण बाहेर येणार. पुढच्या शुक्रवारी डिस्चार्ज, आणि दवाखान्यातून थेट आमच्याकडे शिनोलीला.

डॉक्टरांच्या अटी. कमोड हवा. आहे. बाथरूमला उंबरा नको. नाही. फरशी स्वच्छ आणि न घसरणारी. धरायला भिंतीत पक्की दांडी.

आरती म्हणाली, आपल्या बाथरूमच्या कोपऱ्यात शेवाळ आहे, भिंतीच्या टाइल्सवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आहे, रोज शाळेतून आलात की धुण्याचा सोडा आणि ब्रश घ्या आणि थोडं थोडं घासा. शुक्रवारपर्यंत होईल. दांडीसाठी गवंड्याला बोलवा. मी हो म्हणालो.

हो म्हणालो ते स्वच्छतेला. घासण्याला नाही.

घासणं हे ज्यांना केमिस्ट्री येत नाही त्यांच्यासाठी असतं. मी हायस्कूलच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं. हुद्दा असिस्टंटचा आहे, पण सायन्सचे सर रजेवर असले की मुलं मलाच येऊन विचारतात. (सर कुठे गेले, असं विचारतात. पण विचारतात.)

संकल्प: ब्रशला हात न लावता, एका दिवसात, संपूर्ण बाथरूम. टाइल्स मीच निवडल्या होत्या. पांढऱ्या, चकचकीत. पुन्हा तशाच दिसल्या पाहिजेत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेत ऑफ तासाला व्हिडिओ पाहिले. एक बाई हिंदीत सांगते, बिना रगड़े. हसतमुख बाई. नखं लांब, लाल. अशा नखांनी ती रगडत नसणार हे उघड आहे. म्हणजे उपाय खरा.

लिंबू आणि खायचा सोडा. टाकल्याबरोबर फेस. फेस म्हणजे रिअ‍ॅक्शन, रिअ‍ॅक्शन म्हणजे प्रगती. पाणी ओतलं. टाइल्स लखलखीत. लगेच फोटो काढून आरतीला पाठवला.

तिचं उत्तर: एवढ्यात?

मी लिहिलं: पद्धत लागते.

जेवून परत पाहिलं तर टाइल्स वाळल्या होत्या आणि थर होता तिथेच होता. ओली टाइल कशीही स्वच्छच दिसते, हे निरीक्षण महत्त्वाचं आहे. फोटो परत मागवता येत नाही. पण त्यात खोटं काय? ज्या क्षणी काढला त्या क्षणी तसंच दिसत होतं.

लिंबू कमजोर निघालं. दोष लिंबाचा.

९ नोव्हेंबर, रविवार

घोडेगावच्या चायनीजच्या गाडीवाल्याकडून व्हिनेगर आणलं. कापडं भिजवून टाइल्सवर चिकटवली. दुपारभर ठेवली. घरभर हॉटेलचा वास.

शेजारचा पोपट वासाने आला. एसटीत ड्रायव्हर होता, भीमाशंकरच्या घाटात आयुष्य गेलं. "भाऊ, मंच्युरियन केलं व्हय?" म्हणाला. (सर म्हणत नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही.) त्याला बाथरूम दाखवलं. बघून म्हणाला, "घासा की राव. आमची द्रौपदा राखंनं घासती. म्हणा तर दोघं येतो, तुमी निस्तं पाणी वता. उद्या न्हाई तर परवा होऊन जाईल."

मी त्याला शांतपणे पीएच समजावून सांगितला. आम्ल, अल्कली, क्षार, सगळं. त्याने मान हलवत पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं. आन् त्यो पीएच घासायला कवा येनार हाय?"

या गावात विज्ञान रुजायला वेळ लागेल.

कापडं काढली. थर थोडा मऊ झाला होता हे प्रामाणिकपणे नोंदवतो. नखाने खरवडला तर निघाला. पण नखाने खरवडणं हे घासण्यातच मोडतं, म्हणून सोडून दिलं.

पुन्हा ओला फोटो पाठवला. आरतीने मामींना दाखवला. मामींनी चष्मा लावून बघितला म्हणे आणि बराच वेळ फोन हातातून सोडला नाही.

दांडी: गवंडी आला तर ड्रिल मारणार, टाइलला तडा जाणार. भोक न पाडता बसणारं हँडल मिळतं, रबरी वाट्यांचं. दाबायचं की हवा निघते आणि घट्ट बसतं. निर्वात पोकळी. ऑर्डर केलं.

१० नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळ

अ‍ॅसिड.

पहिल्याच दिवशी हे करायला हवं होतं. हार्डवेअरवाला बाटली देताना म्हणाला, पातळ करा, दार उघडं ठेवा आणि यात दुसरं काही मिसळू नका. कुणाला सांगतोय हे त्याला माहीत नव्हतं. मी फक्त हसलो.

पातळ केलं नाही. वेळ कमी होता.

ओतलं आणि सगळी फरशी खदखदली. पांढरा धूर. डोळ्यांतून पाणी, घशात काटे. पण थर गेला! भिंतीवरून सरळ वाहून गेला. शेवाळ गेलं. मी दारात उभा राहून एकटाच टाळ्या वाजवल्या.

धूर बसल्यावर काही बारीकसारीक गोष्टी दिसल्या. नळ काळा पडलाय. टाइल्सच्या मधलं सिमेंट ठिकठिकाणी गेलंय, सांधे काळे दिसतात. आणि चमक नाही. अजिबात नाही. फरशीवरून हात फिरवला तर पाटीवर फिरवल्यासारखी खरखर लागते. चालून पाहिलं. पाय ठेवू तिथे राहतो, ओल्यातही सरकत नाही. पण दिसायला गोठा.

मामींना गोठ्यात आंघोळ घालणार का? हे असं सोडता येणार नाही.

उद्या सांधे पांढरे करायचे. त्याला ब्लीच. पंचायतीच्या टाकीत टाकतात ती पावडर मिळाली आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल लिहिता आलं नाही.

घडलं ते थोडक्यात. शाळेतून अर्धी रजा टाकून आलो. कोपऱ्यात सोमवारचं अ‍ॅसिड साचलेलं होतं. वाया का घालवायचं, म्हणून थोडं ताजंही ओतलं. वरून पावडर टाकली. परिणाम आतच राहावा म्हणून दार लावून घेतलं. आतून कडी घातली. कडी का घातली ते आता आठवत नाही. सवय.

हिरवट पिवळा धूर. क्लोरीन. पुस्तकात हे आहे. पुस्तक लॅबच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे.

पोपटला भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. त्याने दार फोडलं, मला कॉलरला धरून अंगणात आणलं. द्रौपदा तोंडावर पाणी मारत होती आणि रडत होती. पोपटने कुणाचीतरी जीप थांबवली. घोडेगावच्या दवाखान्यात नाकाला नळी. डॉक्टर म्हणजे अगदी तरुण मुलगी, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची. काय मिसळलं विचारलं. सांगितलं. व्यवसाय विचारला. सांगितला. तिने लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "किती वर्षं?"

एक गोष्ट फक्त इथे लिहितो. धुरात एक वेळ अशी आली की दार कुठे आहे तेच कळेना. भिंतीवर हात फिरवत होतो आणि सगळीकडे टाइल्सच लागत होत्या. तेव्हा आरतीला हाक मारली. आरती नारायणगावला होती. हे पोपटने ऐकलं असेल तर त्याने अजून तरी काही विचारलेलं नाही.

आज सकाळी सोडलं. छाती दुखते. आवाज बसलाय. आरतीचा फोन आला, म्हणाली, आवाजाला काय झालं? थंडी, म्हणालो. पोपटला आधीच सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "मी न्हाई बोलनार. पन भाऊ, आता बास करा."

फोनवर आरती बरीच खुशीत होती. म्हणाली, आईने सगळ्या वॉर्डाला सांगून झालंय की आमचे पावणे माझ्यासाठी बाथरूम घासतायत. शेजारच्या कॉटवरच्या बाईलाही फोटो दाखवला. ती बाई म्हणाली, नशीबवान आहात. आई म्हणाली, माझ्या मालकानं बी कवा माझ्यासाठी मोरी धुतली नाय.

मग आरती म्हणाली, आईला फार भीती बसलीये. दवाखान्यातल्या बाथरूमच्या दारात गेली की पाय थरथरतात. पण म्हणते, पावण्यांच्या घरी मी जाईन बघ एकटी.

फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन बसलो. कडीशिवाय. करड्या टाइल्स, काळे सांधे, काळा नळ. परवा येणार.

पोपट आणि द्रौपदाला बोलवावं का? नको. पोपटचा चेहरा बघवणार नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

उपाय सापडला. सापडणारच होता.

चमक गेली आहे ना? मग चमक द्यायची. गाड्यांच्या डॅशबोर्डला, टायरला मारतात ते सिलिकॉनचं पॉलिश. व्हिडिओतला माणूस स्वतःच्या बाथरूमला मारतो आणि पाण्याचे थेंब मोत्यांसारखे पळतात. क्षार चिकटायला जागाच राहत नाही. आयुष्यभर घासायला नको. हे खरं विज्ञान.

घोडेगावच्या स्पेअर पार्टवाल्याकडून आणलं. रजा टाकली. आधी सांध्यांत व्हाइट सिमेंट भरलं (बोटाने, छान बसलं), मग भिंतींवर पॉलिश. करडेपणा जागच्या जागी गायब. मग फरशीवर. मग डबा शिल्लक होता म्हणून फरशीवर परत.

हँडलही आलं. कमोडच्या बाजूला दाबून बसवलं. टक असा आवाज आला. पक्कं.

आता लिहिताना दारातून दिसतंय. ट्यूबलाइट फरशीत दिसते. खरं सांगतो, नव्या टाइल्सही अशा नव्हत्या. पहिल्यांदा कोरड्या टाइल्सचा फोटो काढला आणि पाठवला.

आरतीने नुसते जोडलेले हात पाठवले. आणि खाली: मी तुमच्यावर विश्वास ठेवला नव्हता, सॉरी.

हे वाक्य परत परत वाचलं. इतकं सगळं झालं, पण शेवटी झालं की नाही?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी बाथरूममध्ये पहिलं पाऊल टाकलं आणि पाय गेला.

हँडल धरलं. हँडल हातात आलं. कोपरावर पडलो. पडल्या पडल्या थोडा वेळ छताकडे बघत होतो. उठायला गेलो तर तळवा सरकला. रांगत दारापर्यंत आलो.

तरी शांत राहिलो. पॉलिश फक्त फरशीवरून काढायचं. कपड्याची पावडर आणि गरम पाणी टाकलं. फेस झाला आणि फरशी आणखी निसरडी झाली. कोरडं पुसलं. दिसायला कोरडं, पाय ठेवला की बर्फ. गोणपाट घासलं, एका हाताने, दुसरा कोपर सुजलेला. पोपट कुठे बाहेर गेला होता. द्रौपदा रानात.

आरती म्हणाली होती तीनच्या सुमाराला येऊ. दुपारी बारालाच गाडीचा हॉर्न.

मामींना मी शेवटचं दिवाळीत पाहिलं होतं. अर्ध्या झाल्यात. वॉकर धरून, एकेक पाऊल टाकत, दारात आल्या. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडायला गेल्या तर वॉकर सुटेना, म्हणून मानेनेच जयभीम केला. कॉटवर बसवलं. पाणी दिलं. मामी म्हणाल्या, "पावणं, बसा हितं. किती वाळलाय. हाताला काय झालं?"

काही नाही म्हणालो.

मामी म्हणाल्या, "नारायणगावापास्नं थांबलीये बगा. वाटंत हाटेलात आरती जा म्हनली, पन मी म्हनलं, न्हाई. पावण्यांनी केलंय तिथंच जाईन."

आरती त्यांना उठवायला लागली. मी पुढे होऊन बाथरूमच्या दारात उभा राहिलो. म्हणालो, पाच मिनिटं थांबा, पाणी सांडलंय. आत जाऊन दार लोटून घेतलं आणि टॉवेल, चादर, मिळेल ते फरशीवर टाकलं. चादरीवर पाय ठेवला तर चादरीसकट सरकलो. सगळं उचलून कोपऱ्यात फेकलं.

बाहेर आलो. म्हणालो, व्हाइट सिमेंट ओलं आहे. आरती म्हणाली, भिंतीचं ना, आम्ही भिंतीला हात लावत नाही. मी म्हणालो, आधी चहा घेऊ. आरतीने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला माहीत आहे. पण मामी तोपर्यंत उठून उभ्या होत्या, वॉकरवर दोन्ही हात, ओठ दाबलेले. "आता धीर न्हाई धरवत गं," असं आरतीला हळूच म्हणाल्या. माझ्यापुढे असं म्हणायची त्यांना लाज वाटली हे कळलं.

त्या वेळी डोक्यात काय होतं ते लिहायला हवं. डोक्यात असं होतं: हळू चालतात. आरती धरणार. वॉकरला रबरी बुचं आहेत. पडतात ते घाई करणारे. दोन पावलांचा तर प्रश्न आहे.

आणि मी दारातून बाजूला झालो.

हे मी केलं. बाजूला झालो.

मामी दाराशी आल्या. आत बघून थांबल्या. ट्यूबलाइट लावलेली होती, सगळं लखलखत होतं. म्हणाल्या, "अगं बाई. देवळासारखं केलंय." पाय थरथरत होते. मग वॉकर उचलला आणि पुढचे दोन पाय फरशीवर ठेवले. वॉकर पुढे गेला. थोडासाच. वीतभर. मामींनी त्यावर भार टाकलेला नव्हता अजून. टाकणार होत्या. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि हसल्या.

मी ओरडलो. "मामी, नको! पॉलिश मारलंय, घसरतंय, मी पडलोय सकाळी!"

वॉकर सटकला, आतल्या भिंतीवर जाऊन आपटला. मी मागून दोन्ही हात त्यांच्या काखेत घातले आणि तसाच मागे भिंतीला टेकलो. आरतीने पुढून धरलं. मामी पडल्या नाहीत. खुब्याला काही झालं नाही. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. काही झालं नाही.

पण त्यांना लघवी धरवली नाही. तिथेच, बाथरूमच्या बाहेर, उभ्या उभ्या. लुगडं ओलं झालं, माझ्या पायावरही आलं. मामी समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या, जणू त्या तिथे नव्हत्याच. मी काखेत धरलेलं होतं, त्यांचं काळीज हाताला लागत होतं.

आरती म्हणाली, "तुम्ही बाहेर जा."

मी बाहेर गेलो. ओट्यावर बसलो. आतून आरतीचा आवाज येत होता, अगदी हळू, अंगणवाडीतल्या पोरांशी बोलते तसा.

संध्याकाळ. द्रौपदा म्हणाली, आमच्याकडं आना त्यान्ला. पण मधे अंगण, दोन पायऱ्या, आणि परवाच त्या बाजूला बिबट्याने कुत्रं नेलंय, अंधार पडला की सगळ्यांची दारं बंद. वॉकरने कोण नेणार. पोपटने घोडेगावहून कॉटवर वापरायचं भांडं आणून दिलं. मामी ते घेईनात. पाणीच प्यायच्या बंद झाल्या. आरती ग्लास घेऊन बसली आहे.

दवाखान्याचं आरतीला पोपटने सांगितलं. वचन मोडलं म्हणायला हवं, पण आरतीने त्याला सरळच विचारलं, दार कुणी फोडलं?

माझ्याशी ती भांडलेली नाही. भांडली असती तर मला बाजू मांडता आली असती. माझी बाजू आहे. आत्ता सुचत नाहीये इतकंच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी वैजयंती आली. आरतीची धाकटी बहीण, घोडेगावला भाड्याने राहते, नवरा बँकेत. गाडी घेऊनच आली. "दाजी, आईला मी नेते," म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

मामींना गाडीत बसवताना मी पुढे झालो तर आरतीने पोपटला हाक मारली.

गाडी निघताना मामींनी काच खाली करायला सांगितली. वाटलं, आता बोलतील. म्हणाल्या, "कोपर शेकून घ्या." काच वर गेली. आरतीही गेली, बॅग घेऊन.

दिवसभर घरीच. बाथरूममध्ये गेलो नाही. पोपटकडे जाऊन आलो. पोपटच्या बाथरूमला टाइल्स नाहीत, कोबा आहे. हिरवट, जुना. आत काहीच चमकत नाही. उगाच जास्त वेळ थांबलो.

दुपारी एक विचार आला की झालं ते एका परीने बरं झालं, वैजयंतीकडे दवाखाना जवळ आहे. लिहायला घेतला आणि खोडला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर वैजयंतीकडे गेलो. बोलावलेलं नव्हतं. पेरू नेले.

मामी खुर्चीत बसल्या होत्या, केस विंचरलेले, जरा तजेला आलेला. शेजारची एक म्हातारी गप्पा मारायला आलेली होती. तिने विचारलं, हे कोण? मामी म्हणाल्या, "आमचं थोरलं पावणं. शाळंत असत्यात. लई मायाळू." मग पेरू हातात घेत, अगदी सहज, सुनेला मिठाची बरणी दाखवावी तसं म्हणाल्या, "फकस्त त्यान्ला काय करू द्यायचं न्हाई."

म्हातारी हसली. वैजयंती हसली. मीही हसलो. मायाळू म्हणाल्या हे खरं आहे, मी नीट ऐकलं. आरती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती हसली नाही.

हात धुवायला वैजयंतीच्या बाथरूममध्ये गेलो. भाड्याचं घर, जुन्या पिवळट टाइल्स. भिंतीवर क्षारांचा थर. आमच्यापेक्षा जाड. नळाभोवती तर खडूसारखा साठलेला. फरशी खडबडीत, सिमेंटची, कोपरा मात्र ब्रश मारून साफ केलेला, कमोडशेजारच्या भिंतीत एक साधी लोखंडी दांडी, गवंड्याने नुकतीच बसवलेली, भोवती सिमेंटचे हाताने थापलेले गोळे. दांडी ओढून पाहिली. हलली नाही.

बाहेर आलो. थोड्या वेळाने मामी म्हणाल्या, जाऊन येते. कुणी उठलं नाही. आरतीने वैजयंतीला खुणेने बसवून ठेवलं. मामींनी वॉकर धरला, उठल्या, आणि पाऊल टाकत गेल्या. दाराशी थांबल्या. पाठीमागून दिसत होतं, गुडघ्यापाशी लुगडं थरथरत होतं. मग वॉकर आत ठेवला. दार ओढून घेतलं. लावलं नाही, नुसतं ओढलं.

वॉकरचा टक आवाज. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. आरतीने पदर तोंडाशी धरला होता. मग मगाने पाणी ओतल्याचा आवाज आला. परत टक. टक.

दार उघडलं. मामींनी तोंडही धुतलेलं होतं. हनुवटीवर पाणी. आरतीकडे बघून म्हणाल्या, "एकटीनं."

आरती रडायला लागली. वैजयंतीने तिला धरलं. मामी तिथेच उभ्या, टॉवेल शोधत होत्या. टॉवेल माझ्या खुर्चीच्या मागेच होता. मी उठलो.

आरती म्हणाली, "तुम्ही बसा."

मी बसलो.